कुऱ्हाडीचे गोत

कुणाला तिकिटे जमविण्याचा नाद असतो, कुणाला नाणी. आमच्या घरी एक कुऱ्हाड आहे. एकच. तिला संग्रह म्हटले की आमची मंडळी तोंडाला पदर लावतात. पण या एका कुऱ्हाडीपायी मी जेवढी हळहळ केली, तेवढी शंभर नाणी जमविणाऱ्यानेही केली नसेल.

आमचे मालेगाव नाशिककडचे नव्हे, वाशीमचे. हा खुलासा आम्हांला जन्मभर करावा लागतो. पंधराएक वर्षांपूर्वी आठवडी बाजारात भंगारवाल्याच्या ढिगात, एका मोडक्या वखराखाली, मला कुऱ्हाडीचे पाते दिसले. पुढे चंद्रकोरीसारखी धार, मागे पक्ष्याच्या चोचीसारखा बाकदार काटा. अंगभर गंज. भंगारवाल्याने किलोच्या भावाने ते तोलून दिले आणि मीही वांगी घ्यावीत तसे ते पिशवीत टाकले.

घरी आल्यावर मला स्वच्छतेचा झटका आला. चिंच झाली, लिंबू झाले, शेवटी पॉलिशपेपर आणला. दोन रविवार घासून पाते आरशासारखे लख्ख केले आणि दांडा बसवायला लोहारमामांकडे नेले. मामांनी ते उलटसुलट केले, डोळ्यांजवळ धरले आणि म्हणाले, "सर, हे लाकडं फोडाची कुऱ्हाड नोय. लाकडाले मांगून काटा कायले पायजे? अन् हे पिवळं काय हाय?"

काट्याच्या बुडाशी, जिथे माझा पॉलिशपेपर पोचला नव्हता, तिथे नखाएवढी सोनेरी वेल शिल्लक होती. दोन पाने आणि अर्धे फूल.

त्या वेलीचे नाव कोफ्तगिरी. पोलादावर आडव्यातिडव्या बारीक रेघा ओढायच्या, त्या खरबरीत अंगावर केसासारखी सोन्याची तार ठोकून बसवायची आणि मग ती घोटायची. हे सोने फार वरवरचे असते. गंजाखाली ते कितीतरी वर्षे टिकले होते. मराठीच्या प्राध्यापकाने दोन रविवारांत पुसून टाकले.

मग मी हट्टाने शोध घेतला. अशा कुऱ्हाडीला तबर म्हणतात आणि मागच्या काट्याला जाघनोल, म्हणजे फारसीत कावळ्याची चोच. दोन्ही एकत्र असले की तबर-जाघनोल. धार मांसासाठी, चोच चिलखतासाठी. ज्या कड्यांच्या चिलखतावरून तलवार घसरते, तिथे ही चोच शिरते. काही तबरांच्या दांड्यात पोकळी करून आत फिरकीची कट्यारही लपविलेली असे. लॉर्ड एगर्टनने 1880 साली हिंदी शस्त्रांची सचित्र सूची छापली, तिच्यात या जातीच्या कुऱ्हाडी आहेत. आपल्याकडे पाहायच्या तर नागपूरच्या अजब बंगल्यात, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात किंवा पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुन्या शस्त्रांचे दालन पाहावे. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती जमविता जमविता हजारो वस्तू उभ्या केल्या. त्यांच्या संग्रहापुढे उभा राहिलो की मला माझा पॉलिशपेपर आठवतो.

गंमत अशी की या काट्याचे गोत साता समुद्रांपलीकडेही आहे. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना युरोपचे व्यापारी कातड्यांच्या बदल्यात लोखंडी कुऱ्हाडी देत. त्यांतल्या काहींना मागे असाच काटा असे. टोमाहॉक तो हाच. काहींना काट्याऐवजी चिलमीची वाटी. दांडा पोकळ, म्हणजे लढाईही तिच्याने आणि तहाचा धूरही तिच्यातूनच! गलबतांवरच्या कुऱ्हाडीचा काटा मात्र माणसापेक्षा लाकडासाठी अधिक. शत्रूच्या जहाजावर चढताना धारेने दोर तोडायचे आणि आग लागली तर काट्याने जळते लाकूड ओढून पाण्यात लोटायचे. आता अशा वस्तूंना परदेशात मोठी किंमत येते, म्हणून आग विझविणाऱ्या बंबवाल्यांच्या जुन्या कुऱ्हाडीही 'आरमारी' म्हणून गळ्यात मारतात.

पण लोकांना कशाला हसू? मीही काही दिवस पाहुण्यांना सांगत असे, "ही आडगावच्या लढाईतली." 29 नोव्हेंबर 1803 रोजी नागपूरकर भोसल्यांची फौज वेलस्लीशी आडगावला लढली, हे खरे. आडगाव आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात, हेही खरे. पण ही कुऱ्हाड तिथे होती याला आधार काय? माझी हौस! एकदा धाकट्या मुलीने पाहुण्यांसमोरच विचारले, "बाबा, पण भंगारवाल्याने तर काहीच सांगितलं नव्हतं ना?" तेव्हापासून लढाई बंद.

मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याची आई कॉलेजात आली. घरी पिढ्यान्‌पिढ्या दसऱ्याला पुजली जाणारी अशीच कुऱ्हाड. एक शहरी गृहस्थ रोख पैसे देतो म्हणत होता. मुलाची फी भरायची होती. "सर, द्यावी का?" मी काय सांगणार? शंभर वर्षांपलीकडची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येते, तिचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही, ती देशाबाहेर नेता येत नाही, हे सांगितले. फीची मुदत वाढवून घेण्यासाठी अर्ज लिहून दिला. आणि एवढेच म्हटले, "वैनी, द्या की ठेवा, तुमची मर्जी. पण तोवर घासू नका."

कुऱ्हाड अजून त्यांच्याकडेच आहे. यंदा दसऱ्याला मुद्दाम पाहून आलो. गंजलेली, काळी, झेंडूच्या माळेखाली. त्या गंजाखाली काय आहे कोण जाणे.

आमच्याकडेही पूजा होते. मंडळी पाटावर कुऱ्हाड ठेवतात आणि हळद-कुंकू लावताना बोट पात्यावर न टेकवता दांड्यावर टेकवतात. वर मला बजावतात, "अहो, तो कपडा घेऊन उठू नका हं. बसा तिथेच."