स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर त्वचा काळी पडते तेव्हा

बडा गणपती परिसरातल्या आपल्या मराठी घरांमध्ये स्तनाच्या कर्करोगाबद्दल आता पूर्वीपेक्षा मोकळेपणानं बोललं जातं. शस्त्रक्रियेनंतरच्या जखमेबद्दल मात्र अजून हळू आवाजातच बोलतात. हळदीकुंकवाला भेटलेल्या भगिनींकडून एक प्रश्न आमच्या कानावर नेहमी येतो: "ऑपरेशन चांगलं झालं म्हणाले, मग कडेची कातडी काळी का पडली?" उत्तर द्यायला आजूबाजूला कोणी ना कोणी असतंच. आंबट खाल्लं असेल, लवकर कामाला लागली असेल, पथ्य पाळलं नसेल. यातलं काहीही खरं कारण नसतं, म्हणून हा लेख.

स्तन काढून त्याच वेळी नवा आकार द्यायचा असेल, तर शल्यचिकित्सक आतली गाठ आणि ग्रंथी काढतात, पण वरची त्वचा शक्य तितकी ठेवतात. त्या पोकळीत सिलिकॉनचं इम्प्लांट बसवतात, किंवा पोटाची अथवा पाठीची चरबी, त्वचा आणि स्नायू आणून भरतात. अडचण अशी की त्वचेला रक्त पुरवणाऱ्या बऱ्याच वाहिन्या त्या ग्रंथीतूनच वर येत असतात. ग्रंथी गेली की त्याही जातात आणि त्वचेला फक्त तिच्या खालच्या बारीक जाळ्यातून मिळेल तेवढ्या रक्तावर भागवावं लागतं. नर्मदेच्या पाण्याचा दाब कमी असला की गल्लीतल्या शेवटच्या घरात नळाला करंगळीएवढी धार येते, हे आपण इंदूरकरांना सांगायला नको. त्वचेचं शेवटचं घर म्हणजे टाक्यांची कड. काळेपणा बहुतेक वेळा तिथंच दिसतो. डॉक्टर त्याला नेक्रोसिस म्हणतात, म्हणजे रक्त न पोचल्यानं त्वचेचा तेवढा भाग मरणं. हे दुर्मीळ नाही. वेगवेगळ्या ठिकाणच्या अहवालांत शंभरातल्या 5 पासून 30 जणींपर्यंत आकडे येतात, कारण कोणी बारीकशी खपलीही मोजतं तर कोणी फक्त मोठी जखम.

त्वचा जगते ती रक्तावर, हे आपल्याकडच्या वैद्यांना फार आधी ठाऊक होतं. टिपूबरोबरच्या युद्धात इंग्रजांकडे बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा पकडला गेला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून नवं नाक केलं. लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये ही हकिगत चित्रासह छापून आली, आणि ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. त्या पुण्याच्या कारागिराचं खरं कौशल्य असं, की त्यानं कपाळाची त्वचा पूर्ण तोडली नाही. दोन भुवयांमधली एक पट्टी जोडलेली ठेवली आणि नवीन जागी रक्त खेळू लागेपर्यंत, सुमारे 25 दिवस, तिला हात लावला नाही. पोटाची किंवा पाठीची त्वचा स्तनाच्या जागी आणताना आजही हीच काळजी घेतात. काही पद्धतींत देठ जोडलेलाच ठेवतात, तर काहींत वाहिनी तोडून सूक्ष्मदर्शकाखाली छातीच्या वाहिनीला जोडतात. म्हणूनच पहिले दोन-तीन दिवस नर्स दर तासाला येऊन रंग आणि ऊब पाहते. भाग पांढुरका नि थंड पडला तर रक्त आत येत नाही, जांभळा नि फुगीर झाला तर बाहेर जात नाही. दोन्ही वेळी तासाभराचाही उशीर महागात पडतो, तेव्हा "झोपू द्या हो तिला" असं नर्सला म्हणू नये.

धोका कोणाला जास्त? मधुमेह, जास्त वजन, मोठे स्तन, आधी त्या जागी झालेलं रेडिएशन, आणि तंबाखू. इथं आमचं एक कळकळीचं सांगणं आहे. डॉक्टर विचारतात, "सिगारेट ओढता का?" आपली काकू खरं तेच सांगते, "नाही." पण सकाळी दातांना मिश्री लावते, ते कोणी विचारत नाही आणि ती सांगत नाही. मिश्री तंबाखूचीच. त्यातलं निकोटिन बारीक वाहिन्या आवळतं, आणि त्वचेचा सगळा भरवसा त्याच वाहिन्यांवर असतो. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर साधारण चार आठवडे तरी मिश्री, गुटखा, जर्दा सगळं बंद हवं. सांगायला संकोच वाटत असेल तर सोबत गेलेल्या सुनेनं किंवा मुलानं सांगावं.

पहिल्या एक-दोन दिवसांत एकाच बाजूला अचानक सूज आणि ताण आला तर आत रक्त साचलेलं असू शकतं. पहिल्या आठवड्यात कड निळसर-जांभळी दिसते, पुढे कधी ती सावरते, कधी काळी खपली धरते. खपली वरवरची असेल तर ड्रेसिंगवर भागतं, खोल असेल तर तेवढा भाग कापून पुन्हा टाके घालतात. नळी काढल्यावर पाणी साचणंही नेहमीचं. म्हणून 24 तासांत साधारण 30 मिलीपेक्षा कमी येईपर्यंत बरेच डॉक्टर ती काढत नाहीत. रोजचं माप वहीत लिहावं. लाली पसरणं, पू, वास, 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, टाके उसवणं, यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावं. आत इम्प्लांट असेल तर अधिकच घाई हवी, कारण जंतू त्याच्यापर्यंत पोचले तर ते काढून काही महिने थांबावं लागतं.

आणखी एक कारण आहे. केमोथेरपी किंवा रेडिएशन पुढे असेल तर जखम भरल्याशिवाय ते सहसा सुरू करत नाहीत. लाजेपोटी लपवलेली जखम मुख्य उपचारच मागे ढकलते. रोज त्याच उजेडात मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला, तर डॉक्टरांना फरक लगेच कळतो आणि रोज पदर बाजूला करून घरच्यांना दाखवायची वेळही येत नाही.

हळद, खोबरेल, अंगारा यांपैकी काही जखमेवर लावू नये. हळद दुधातून हवी तर घ्या. प्रथिनं मात्र खरंच लागतात: डाळी, दूध, पनीर, चालत असतील तर अंडी. उपास त्या महिन्यात राहू द्यावेत.

जखम भरल्यावरही नव्या स्तनाला स्पर्श नीट कळत नाही, कधी कायमचा. इंदूरच्या थंडीत छातीशी गरम पाण्याची पिशवी धरून झोपलेल्या बाईला चटका बसलेला कळतच नाही आणि सकाळी फोड दिसतो. शेकायचं असेल तर दुसरीकडे शेका, आणि आंघोळीचं पाणी हातानं पाहून घ्या.