कंबरदुखीवर पिलाटेस, योग की आणखी काही?

कंबरदुखी 12 आठवड्यांहून जास्त टिकली की तिला जुनाट म्हणतात. मग कोणता व्यायाम करायचा? 2021 मध्ये कॉक्रेनने 249 चाचण्यांचा आढावा घेतला. काहीच न करण्यापेक्षा व्यायामाने दुखणं कमी होतं, असं त्यात दिसलं. पण प्रकारांमधला फरक रील्समध्ये सांगतात तेवढा मोठा नाही. जो महिनोन्‌महिने जमेल, तो निवडा.

आता तोलाचं. शरीर कसं उभं आहे, याची खबर पाठीचे स्नायूही मेंदूला देतात. दुखण्यात ती बिघडू शकते. चटईवर झोपून केलेल्या व्यायामाने पोट-पाठ बळकट होईल आणि तोलही सुधारू शकतो; जोडीला उभं राहूनही सराव करता येतो: भिंतीशेजारी, एका पायावर.

पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर व्यायाम नको, ताबडतोब रुग्णालय गाठा.