सरळ खाडीवरून

स्वच्छ हवा असली की कर्नाळ्याच्या सुळक्यापाशी उभं राहून मुंबईचं बंदर दिसतं. दिसतं, पण पोचता येत नव्हतं. वरळी ते पनवेल नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर अंतर भरतं जेमतेम ३०-३२ किलोमीटर. मात्र मध्ये खाडी. रस्त्याने जायचं तर मुंब्रा, ठाणे असा वळसा. दिवा-पनवेल गाडी सुरू झाली १९६४ मध्ये, तीही दिव्याला उतरवून देणारी. वाशीचा पहिला खाडीपूल झाला १९७३ मध्ये. हार्बरची लोकल पनवेलला टेकायला १९९८ उजाडलं. या सगळ्यांच्या कितीतरी आधी मुंबईहून पनवेलला सरळ, वळसा न घालता आलेली एकच गोष्ट होती. ती म्हणजे रेडिओचा आवाज.

पनवेलला स्वतःचं मध्यमलहरी केंद्र कधीच नव्हतं, आणि त्याची कुणाला खंतही नव्हती. पनवेलकरांचं ‘लोकल स्टेशन’ म्हणजे मुंबई केंद्र.

त्या केंद्राचं उद्‌घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं. मालक होती इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी, म्हणजे खासगी धंदा. स्टुडिओ अपोलो बंदरच्या रेडिओ हाउसमध्ये, प्रक्षेपक वरळीला, आणि ताकद दीड किलोवॅट. आजच्या घरातली एक इस्त्री आणि एक मिक्सर एकत्र लावले तर साधारण एवढीच वीज लागेल. साध्या क्रिस्टल सेटवर हे केंद्र सुमारे ३० मैलांपर्यंत, म्हणजे ४८ किलोमीटरपर्यंत ऐकू येईल असा हिशेब होता. त्या वर्तुळात पनवेल आरामात बसतं. क्रिस्टल सेटला ना वीज लागते ना सेल. तार, खडा आणि कानाला लावायचा हेडफोन एवढ्यावर काम भागतं. कानात येणारा आवाज वरळीहून आलेल्या लहरीच्याच बळावर वाजतो. घरोघरी कंदील असलेल्या गावाला याहून सोयीचं यंत्र मिळणं कठीण होतं.

धंदा मात्र चालला नाही. वर्षाला १० रुपयांचं लायसन्स आणि आयात सेटवरचा कर, यावर कंपनीची गुजराण. सगळ्या देशात लायसन्सधारक आठ हजारांच्याही आत. बिनलायसन्सचे ऐकणारे किती होते ते देव जाणे. १ मार्च १९३० रोजी कंपनी मोडीत निघाली, १ एप्रिलपासून सरकारने केंद्र आपल्याकडे घेतलं, आणि ८ जून १९३६ पासून त्याला ऑल इंडिया रेडिओ म्हणू लागले. मराठी माणूस पुष्कळ वर्षं ‘नभोवाणी’ म्हणत राहिला. ‘आकाशवाणी’ हा शब्द म्हैसूरहून आला आणि १९५७ मध्ये अधिकृतपणे सगळीकडे लागू झाला.

मुंबई केंद्राने देशाला दिलेली एक गोष्ट सगळ्यांच्या कानात असते आणि फार थोड्यांना ठाऊक असते. सकाळी सभा सुरू होण्याआधी तंबोऱ्यावर व्हायोलिनचे जे सूर वाजायचे, ते वॉल्टर कॉफमन यांचे. नाझींच्या छळातून वाचण्यासाठी मध्य युरोपातून मुंबईला आलेले हे ज्यू संगीतकार मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळत होते. धून शिवरंजनीच्या अंगाने जाते. प्राग-बर्लिनमध्ये शिकलेल्या माणसाच्या सुरांनी पनवेलच्या आळ्यांमध्ये चुली पेटत होत्या, हे मला आजही मोठं नवलाचं वाटतं.

मुंबईची केंद्रं दोन, ‘अ’ आणि ‘ब’. पुढे त्यांना ‘संवादिता’ आणि ‘अस्मिता’ अशी गोड नावं मिळाली, पण ऐकणाऱ्याच्या तोंडी राहिलं ते ‘मुंबई ब’. मराठी मुख्यतः तिथेच. निवेदक दिवसातून कितीदा तरी सांगायचे: पाचशे सदतीस पूर्णांक सहा मीटर, म्हणजेच पाचशे अठ्ठावन्न किलोहर्ट्‌झ. आमच्या पिढीच्या कित्येकांना स्वतःचा रक्तगट सांगता येणार नाही, पण हे आकडे झोपेतही येतील.

आमच्या घरी व्हॉल्व्हचा मर्फी होता, ठाण्याच्या कारखान्यातला. बटण फिरवलं की लगेच बोलायचा नाही. आधी डायलमागचा दिवा पिवळा व्हायचा, मग तापलेल्या धुळीचा वास यायचा, मग कुठूनतरी लांबून माणूस चालत यावा तसा आवाज मोठा होत जायचा. भिंतीवर तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली, तीच एरियल. अर्थिंगची तार मागल्या दारी तुळशीजवळच्या मातीत पुरलेली, आणि उन्हाळ्यात तिथे तांब्याभर पाणी घालायचं काम माझं. पाणी घातलं की खरखर खरंच कमी व्हायची. यात जादू काही नव्हती, ओल्या मातीतून वीज सहज जाते एवढंच. लायसन्सचं पुस्तक कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी. वर्षाला १५ रुपये पोस्टात भरून तिकिटं चिकटवून आणायची. गाणं ऐकायला सरकार पैसे घेतं, हे आजीला शेवटपर्यंत पटलं नाही.

दुपारी ‘वनिता मंडळ’ आजीचं. ‘कामगार सभा’ गिरणीत पाळी करून सुट्टीला घरी आलेल्या शेजाऱ्यांची. रविवारचं ‘गंमत जंमत’ आमचं. ‘आपली आवड’ सगळ्यांची, कारण पत्र पाठवलेल्यांच्या नावांत ओळखीचं कुणी निघतं का याकडे गाण्यापेक्षा जास्त लक्ष. आणि ‘पुन्हा प्रपंच’! प्रभाकर जोशींचे प्रभाकरपंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी. तीन माणसं, एक घर, महागाईपासून पाहुण्यांपर्यंत रोजचीच कटकट. चेहरा कुणाचा दिसत नव्हता, म्हणून प्रत्येक घराने त्यांना आपापला चेहरा दिला. आमच्याकडचे टेकाडे भावजी हुबेहूब समोरच्या वाड्यातल्या काकांसारखे होते. पुढे कधीतरी कुडतरकरांचा फोटो पाहिला तेव्हा फोटोच चुकल्यासारखा वाटला.

या मालिकेला आणि श्रुतिकांना मध्यमलहरी मानवली त्याला कारण आहे. एका केंद्राच्या वाट्याला ९ किलोहर्ट्‌झची जागा येते, त्यामुळे सुमारे साडेचार किलोहर्ट्‌झवरचे सूर त्यात मावत नाहीत. झांजेची झणक, तबल्याच्या चाटेची धार, सतारीच्या तरफांची चमक सगळी बोथट होते. माणसाचं बोलणं मात्र त्या अरुंद फटीतून जवळजवळ पुरतं निघून येतं. गायकाची तक्रार असेल, बोलणाऱ्याची नाही.

मध्यमलहरीवरच्या प्रक्षेपणाची, म्हणजे एएमची, युक्ती तशी साधी. लहर सेकंदाला ५ लाख ५८ हजार वेळा हलते आणि तेवढीच हलत राहते. आवाजाप्रमाणे बदलते ती फक्त तिची उंची. भरतीच्या पाण्यावर होडी वरखाली व्हावी तशी. रेडिओ त्या उंचीचा माग काढतो, की आवाज परत मिळाला. यंत्र सोपं, म्हणून स्वस्त. पण प्रक्षेपणाच्या बाजूने हा मोठा उधळ्या कारभार: आवाज पूर्ण जोरात असतानाही दोन तृतीयांश ताकद नुसती लहर उभी ठेवण्यात जाते, आवाज नसलेली कोरी लहर.

आकड्यांचीही एक गंमत आहे. ५५८ ला नवाने भाग जातो. ‘अ’च्या १०४४ ला जातो, विविध भारतीच्या ११८८ ला जातो, पुण्याच्या ७९२ लाही जातो. एकमेकांच्या अंगावर जाऊ नये म्हणून युरोप, आफ्रिका आणि आशियातल्या देशांनी जिनिव्हात बसून मध्यमलहरींची नऊ-नऊच्या अंतराने वाटणी केली, आणि २३ नोव्हेंबर १९७८ पासून ती अमलात आली. त्या सुमारास ज्यांच्या रेडिओची सुई नेहमीच्या खुणेवरून किंचित सरकली, त्यांनी दोष दिला तो डायलच्या दोरीला.

पुढे मुंबईचे प्रक्षेपक मालाडला, मालवणीकडच्या खाडीकाठी गेले आणि ताकद १०० किलोवॅटवर पोचली. मध्यमलहर जमिनीला धरून चालते. जमीन कोरडी, खडकाळ असली की लवकर दमते; खारं पाणी, चिखल, खाजण, मिठागर असलं की मजेत पुढे जाते. मालाड-पनवेल वाटेवर तेव्हा ठाण्याची खाडी आणि तिच्या दोन्ही काठांवर दलदल आणि मिठागरं होती. नव्या शहराचे नकाशे काढणाऱ्यांना अडचणीची वाटलेली जमीन या लहरीला मात्र राजरस्त्यासारखी होती.

ट्रान्झिस्टर आल्यावर जाळीची पट्टी गेली. आत बोटाएवढी फेराइटची काळी कांडी, तिला तारेचं वेटोळं. कांडीचं टोक केंद्राकडे केलं की आवाज मरतो, आडवी धरली की फुलतो. मालाड पनवेलच्या वायव्येला. त्यामुळे कोनाड्यात ट्रान्झिस्टर कसा ठेवायचा हे प्रत्येक घरात ठरून गेलेलं असे, आणि झाडलोट करताना कुणी तो तिरपा केला की आतून ओरड व्हायची. शेतावर, मिठागरात, होडीत माणसं तो खांद्यावरून हळूहळू फिरवत स्टेशन ‘लावत’. हा शब्द बरोबर होता. स्टेशन मिळत नसे, ते लावावं लागे.

अंधार पडला की खेळ बदलायचा. दिवसा वातावरणाचा खालचा थर मध्यमलहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. सुई जरा सरकवली की ८१० वर राजकोटचं गुजराती, आणि ५५८ च्या अगदी शेजारी ५८५ वर नागपूर. नागपूरचा आवाज लाटेसारखा यायचा आणि ऐन वाक्यात विरून जायचा. विदर्भाची माझी पहिली ओळख ही अशी, अर्ध्या वाक्यांची.

मे संपताना हाच रेडिओ आणखी एक काम करायचा. माथेरानच्या अंगाला कुठेतरी वीज चमकायची, आपल्याला अजून ना उजेड दिसलेला ना गडगडाट ऐकू आलेला, पण ‘मुंबई ब’वर कडकड असा ओरखडा उठायचा. पहिल्या दिवशी एक-दोन, दुसऱ्या दिवशी सारखे. आजोबा बातम्या ऐकता ऐकता मधेच सांगायचे, “अंगणातली लाकडं आत घ्या.” हवामानाच्या बातमीपेक्षा बातमीतली खरखर त्यांना जास्त भरवशाची वाटायची.

सिनेसंगीताची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. माहिती मंत्री बाळकृष्ण केसकरांनी १९५२ मध्ये सिनेमाच्या गाण्यांना दार लावलं, श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढून आकाशवाणीला ते दार उघडावं लागलं. १९६७ मध्ये तिच्यावर जाहिराती आल्या. मराठी घरांत ‘ब’ आणि विविध भारती यांच्यातली ओढाताण तेव्हापासूनची, आणि त्यात सून कोणत्या बाजूला आणि सासू कोणत्या, हे सांगायची गरज नाही.

मग मुंबईच पनवेलला आली. सिडको, पूल, लोकल, टोलेजंग इमारती, २०१६ मध्ये महानगरपालिका. आणि पूर्वी जो आवाज अलगद खाडीवरून यायचा तो ऐकू येईनासा झाला. कळंबोलीच्या उच्चदाब तारांखालून गाडी गेली की रेडिओ गुरगुरायचा, तेवढं आम्ही चालवून घेत होतो. पण एलईडीचे दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्टच्या मोटारी यांतलं प्रत्येक यंत्र मध्यमलहरीच्या पट्ट्यात थोडी थोडी घाण टाकतं. असं पूर्वीही घडलं आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मापनं बिघडतील या भीतीने ती उपकरणं १९०४ मध्ये अलिबागला हलवली. वेधशाळेला अलिबागला जाता आलं. पनवेलच्या फ्लॅटमधल्या रेडिओने जावं कुठे?

एफएमला या घाणीचा त्रास नाही, म्हणून सगळे तिकडे गेले, आणि त्यात चूक काही नाही. विविध भारती आता १०२.८ वर काचेसारखी स्वच्छ लागते. पण एफएमला समोर केंद्र दिसावं लागतं. गोवा रस्त्याने कर्नाळ्याच्या खिंडीत शिरलं की तिचा घसा बसतो. आकाशवाणीने देशात पस्तीसेक ठिकाणी मध्यमलहरीवरच डिजिटल प्रक्षेपण चालेल असे डीआरएम प्रक्षेपक बसवले, पण ते ऐकण्याजोगे संच काही गाड्यांपलीकडे कुणाच्या घरात फारसे दिसत नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये एका दिवसात ९१ छोटे एफएम प्रक्षेपक सुरू झाले, प्रत्येकी १०० वॅटचे. ओढा कुठे आहे ते यावरून कळतं. माझं भांडण फक्त एका ठिकाणी आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-मुरूडकडे वीज गेली, मोबाइलचे मनोरे मुके झाले, आणि ते दिवसेंदिवस तसेच राहिले. अशा वेळी दोन सेलवर चालणारा आणि शंभर किलोमीटरवरच्या एका मनोऱ्याचं ऐकणारा डबा घरात असावा की नसावा, याचा विचार भंगारवाल्याला हाक मारण्याआधी व्हायला हवा होता.

त्या वादळाच्या वर्षभर आधीची गोष्ट. मे महिन्याची दुपार, सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर सापडला म्हणून सेल घालून पाहिला. ५५८ वर सुई नेली तर नुसती गरगर; खिडकीत धरला, गॅलरीत नेला, वायव्येला तोंड करून उभा राहिलो, तरी तेच. खालच्या मजल्यावरची मुलं वर बघून हसत होती. तेवढ्यात इमारतीची लाइट गेली. पंखे थांबले, लिफ्ट थांबली, कुणाच्या तरी टीव्हीतलं भांडण अर्ध्यावर तुटलं. आणि गरगर एकदम खाली बसून हातातल्या डब्यातून एक बाई शांतपणे मराठीत बोलू लागल्या. विषय होता लोणच्याला बुरशी का येते. मी पायरीवर बसून पुरतं ऐकलं. बरणी उन्हात तापवून घ्यायची, इतपत त्या आल्या असतील नसतील, लाइट आली.