विश्लेषण : दोन दिवसांची धाप, दोन दिवसांचा खाडा... दमा असलेल्या कामगाराला विमा कुठवर साथ देतो?

रात्री दोनच्या सुमारास धाप लागते. पहाटेपर्यंत भिंतीला टेकून बसावे लागते, सकाळची कंपनीची बस निघून जाते आणि खाडा पडतो. दोन दिवसांनी माणूस पुन्हा कामावर उभा राहतो. महिन्यातून असे दोनदा झाले तर चार दिवसांचा पगार जातो, हजेरी भत्ता जातो आणि ठेकेदाराकडून घेतलेली उचल तशीच राहते. भोसरी, तळवडे, चाकण, म्हाळुंगे या पट्ट्यात ठेक्यावर काम करणाऱ्या अनेकांसाठी दम्याचा हिशोब असा आहे.

जगातील दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू येथे होतात, असा जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. दम्यावर औषध आहे. ते रोज, नियमित आणि योग्य पद्धतीने घेणे राहून जाते, आणि त्यामागे अनेकदा पैसा असतो.

कामगार विमा कोणाला?

महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे बोलीभाषेतील ‘ईएसआय’, लागू होते. ही मर्यादा जानेवारी २०१७ पासूनची आहे. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. १८ हजार वेतन असेल तर कामगाराचे १३५ आणि मालकाचे ५८५ रुपये. ठेक्यावरचा कामगारही यात येतो. अप्रेंटिस कायद्याखालील शिकाऊ उमेदवार मात्र येत नाही. पगार मध्येच २१ हजारांवर गेला तरी चालू सहामाही संपेपर्यंत संरक्षण राहते.

कामगार आणि कुटुंबाची तपासणी व औषधे यातून मिळतात. चिंचवडला मोहननगरमध्ये राज्य कामगार विमा रुग्णालय आहे. चाकणच्या कामगाराला तिथे पोहोचायचे तर पुणे-नाशिक महामार्गावरची कोंडी पार करावी लागते, आणि त्यात अर्धा दिवस गेला की तोही खाडाच.

मग दोन दिवसांचे पैसे का मिळत नाहीत?

योजनेत आजारपणाच्या काळात सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला कमाल ९१ दिवस. रोजचे सरासरी वेतन ६०० रुपये असेल तर ४२० रुपये. मात्र प्रत्येक आजारपणाचे पहिले दोन दिवस विनामोबदला असतात. आधीच्या ज्या आजारपणाचे पैसे मिळाले, त्यानंतर १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडल्यास ही अट लागत नाही.

दम्याचा झटका नेमका याच फटीत बसतो. टायफॉइड झालेला कामगार तीन आठवडे घरी राहिला तर त्याला बहुतेक दिवसांचे पैसे मिळतात. वर्षभरात दहा वेळा दोन-दोन दिवस घरी बसलेल्या दमेकऱ्याचे वीस दिवस बुडतात आणि हाती काही येत नाही. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर सलग आजार होता. येऊन-जाऊन असणारा आजार त्यांच्या हिशोबात नसावा.

दुसरी अट हजेरीची. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. ठेकेदाराने मध्ये ‘ब्रेक’ दिला तर हे गणित मोडू शकते. ठेकेदार बदलला की काही जण नवा विमा क्रमांक काढून मोकळे होतात. तसे करू नये. विमा क्रमांक आयुष्यभर एकच असतो. जुना क्रमांक नव्या ठेकेदाराला दिला नाही, तर आधीची वर्गणी हिशोबात येत नाही.

काही दीर्घ आजारांना ८० टक्के दराने वाढीव लाभ आहे. त्या यादीत फुप्फुसाचे काही आजार आहेत, दम्याचे नाव नाही. दिव्यांग हक्क कायद्यातील (२०१६) २१ प्रकारांतही दमा येत नाही. त्यामुळे केवळ दम्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्राच्या मागे धावण्यात अर्थ नाही.

दमा कामातूनच जडला असेल तर?

प्रौढपणी होणाऱ्या दम्याच्या साधारण सहा रुग्णांमागे एकाच्या आजारात कामाच्या ठिकाणच्या हवेचा वाटा असतो, असे आंतरराष्ट्रीय श्वसनतज्ज्ञांच्या संघटनांचे अनुमान आहे. वाहन उद्योगात यातला नामचीन गुन्हेगार म्हणजे आयसोसायनेट. गाडीच्या पॉलियुरेथेन रंगात मिसळतात त्या हार्डनरमध्ये आणि सीटचा फोम बनवताना तो असतो. त्याशिवाय वेल्डिंगचा धूर, मशीनवर उडणाऱ्या कूलंटचा फवारा, सोल्डरिंगच्या फ्लक्सचा धूर आहेच. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कागदी मास्क यातल्या वाफा अडवत नाही.

त्रास पहिल्या दिवशी होत नाही. काही महिने, कधी काही वर्षे काम केल्यावर शरीर त्या पदार्थावर बिथरते, आणि मग अगदी थोडी वाफही पुरते. अनेकदा शिफ्टमध्ये काही जाणवत नाही, धाप रात्री खोलीवर लागते. म्हणून कामगार दोष हवामानाला किंवा मेसच्या तेलाला देतो. ओळखायची खूण साधी आहे : साप्ताहिक सुटीला बरे वाटते का? दिवाळीत आठ दिवस गावी गेल्यावर पंपाची गरज कमी झाली का?

पण ‘गावी बरे वाटते’ हे पुरावा म्हणून पुरत नाही. पीक फ्लो मीटर नावाचे फुंकायचे साधे उपकरण मिळते. काम चालू असताना आणि सुटीत मिळून काही आठवडे, दिवसातून चार वेळा फुंकून आकडा, वेळ आणि त्या दिवशीचे काम वहीत लिहावे. कामाच्या दिवशी आकडे पडतात आणि सुटीत चढतात असे दिसले, तर डॉक्टरला पुढचे पाऊल टाकता येते.

कारखाने कायद्यातील २९ अधिसूचित आजारांत आयसोसायनेट विषबाधा आहे. असा रुग्ण आढळल्यास डॉक्टरने कारखाना निरीक्षक यंत्रणेला कळवणे बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेतही ही यादी कायम आहे. आजार कामातून झाल्याचे मान्य झाले, तर विम्यातील लाभाचा दर ७० ऐवजी ९० टक्के होतो. पण डॉक्टरने ‘काम काय करता?’ हे विचारलेच नाही, तर हा सगळा कायदा कागदावर राहतो. रुग्णाने स्वतःहून सांगावे. जमल्यास हार्डनरच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो दाखवावा.

पैसे वाचवताना कुठे चुकते?

बहुतेकांची काटकसर चुकीच्या पंपावर होते. सालब्युटामॉलचा पंप लगेच आराम देतो, स्वस्तही असतो. श्वासनलिकेची सूज तो कमी करत नाही. सूज कमी करणारा स्टेरॉइडचा पंप रोज घ्यावा लागतो, तो महाग वाटतो आणि ‘सवय लागेल’ या भीतीने बंद होतो. वर्षाला सालब्युटामॉलचे तीन किंवा अधिक पंप संपत असतील तर झटक्याचा धोका वाढलेला आहे. ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शिकेने २०१९ पासून प्रौढांना नुसत्या सालब्युटामॉलवर ठेवू नये असे म्हटले आहे.

विम्याबाहेरच्यांसाठी चाकणच्या ग्रामीण रुग्णालयासारख्या राज्य आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पिंपरीचे वायसीएम महापालिकेचे असल्याने तिथे तो निर्णय लागू नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना भरती झाल्यावरच्या ठराविक उपचारांसाठी आहे; रोजच्या पंपाचा खर्च ती देत नाही. म्हणजे झटका टाळण्यासाठी खिशातून आणि झटका आल्यावर सरकारकडून, असा हा उलटा हिशोब.

आणि खोली. चार-पाच जणांच्या बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची एक कॉइल सुमारे १०० सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, हे पुण्याच्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनने मोजले होते. मच्छरदाणी त्यापेक्षा बरी.

सुपरवायझरला सांगावे का?

आजारपणाचा लाभ घेत असताना कामगाराला काढून टाकण्यास कायद्याने मनाई आहे. ठेकेदार मात्र काढत नाही, ‘उद्यापासून बोलावू तेव्हा ये’ म्हणतो. त्यामुळे अनेक जण दमा लपवतात, आणि ही भीती खोटी नाही. तरीही पेंट शॉप किंवा फोमच्या लाइनवर काम करणाऱ्याने सोसत राहणे सर्वांत महाग पडते : संपर्क जितका लांबतो, तितकी तो दमा नंतर पूर्ण जाण्याची शक्यता घटते. मागणी रजेची न करता विभाग बदलण्याची करावी, पॅकिंग, स्टोअर किंवा तपासणी विभागात. अर्ज लेखी द्यावा, सोबत विमा दवाखान्याच्या डॉक्टरची चिठ्ठी जोडावी आणि पोच घेतलेली प्रत घरी ठेवावी.