विटांचा खेळ आणि मनातील पूर

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबईकर विसरू शकत नाही. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच अवधीत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस पडला. केवळ आकडे पाहिले तर दक्षिण मुंबई बचावली असे म्हणावे लागेल. परंतु संकटाचा हिशेब असा एका रकान्यात मावत नाही. लोकलगाड्या थांबल्या आणि फोर्ट, काळबादेवीकडे कामाला आलेली हजारो माणसे तेथेच अडकली. गिरगाव, दादर, परळ येथील कित्येक घरांत उपनगरांकडे गेलेल्या माणसांची वाट पाहण्यात रात्र सरली. हिंदमाताच्या कापडबाजारात पाणी शिरले म्हणजे काय होते, हे तेथील व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. खालच्या फळीवरील तागे आधी जातात आणि त्यांच्यापाठोपाठ झोप जाते.

त्या दिवशी मोबाईलचे जाळे कोलमडले होते. फोन लागत नव्हता. पण त्याच फोनमधला सापाचा खेळ मात्र चालू शकत होता. अशा प्रसंगी कोपऱ्यात बसून खेळणारे मूल दिसले की वडीलधाऱ्यांचा पारा चढतो. ‘घरावर काय वेळ आली आहे आणि याला खेळ सुचतो!’ हा राग स्वाभाविक आहे. पण तो योग्य आहे का, याचा विचार व्हायला हवा.

मॉस्को येथे अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ मध्ये ‘टेट्रिस’ हा खेळ तयार केला. आपल्याकडे हातात मावणाऱ्या यंत्रावरचा ‘ब्रिक गेम’ म्हणून तो घरोघरी पोहोचला. वरून पडणाऱ्या विटा फिरवून जागच्या जागी बसवायच्या, इतकेच त्याचे स्वरूप. या साध्या खेळाचा मानसशास्त्रज्ञ एमिली होम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी गांभीर्याने अभ्यास केला. ऑक्सफर्डच्या रुग्णालयात अपघातानंतर दाखल झालेल्या ७१ जणांचा त्यात समावेश होता. त्यांपैकी काहींना सहा तासांच्या आत त्या घटनेची आठवण करून देऊन सुमारे वीस मिनिटे टेट्रिस खेळायला दिले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मनात अवचित घुसणाऱ्या भीतिदायक आठवणी इतरांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी आढळल्या. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

यामागील कारण असे सांगतात. भयंकर दृश्य मनात पक्के बसायला काही तास लागतात. त्या अवधीत डोळे आणि हात आकार जुळविण्यात गुंतले, तर मनाची चित्रे साठविणारी जागा त्या कामात अडकते आणि भीतीचे चित्र तितके गडद उमटत नाही. प्रसंग विसरला जात नाही. तो पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येऊन छळण्याचे थोडे कमी होते.

जे घडले त्याच्याभोवती मन फिरत राहणे याला आपल्या परंपरेत आर्तध्यान म्हटले आहे. मनाला अशा फेऱ्यांतून बाहेर काढण्यासाठी त्याला दुसरे काही धरायला द्यावे लागते, हे पूर्वजांनी ओळखले होते. पर्युषणात खेळला जाणारा ज्ञानबाजीचा पट हा खेळच आहे. शिड्यांनी चढायचे, सापांनी उतरायचे आणि पुन्हा फासे हाती घ्यायचे, हा धडा तो न बोलता देतो.

अर्थात, खेळ हा प्रथमोपचार आहे, पूर्ण उपचार नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले. त्या मुलांना शाळा, सोबती आणि ठरलेला दिनक्रम मिळाला. तुटलेले आयुष्य अशाच गोष्टींनी पुन्हा उभे राहते. पडद्यावरील विटांनी घर बांधले जात नाही, आणि रात्र रात्र खेळत राहणारे मूल सावरत नसून दूर जात आहे, हेही ओळखले पाहिजे.

म्हणून संकटाच्या पहिल्या रात्री मुलाच्या हातातील खेळ हिसकावून घेऊ नये. त्याच्याशेजारी बसावे, जमल्यास एखादा डाव आपणही खेळावा, आणि मग काय पाहिलेस, कशाची भीती वाटली, असे हळूच विचारावे. सामायिकाच्या दोन घटका मोजणाऱ्या घराला वेळेची मर्यादा निराळी शिकवावी लागत नाही. भिजलेल्या वह्या वाळवायच्या आहेतच. त्या वाळेपर्यंत मनालाही थोडी उसंत मिळू द्यावी.