सनोबरच्या सालीची गोळी

मुलांनो, सुक्या मेव्याच्या दुकानात तुम्ही चिलगोजे पाहिले असतील. हिमालयातील एका पाइन वृक्षाच्या त्या बिया. या पाइनलाच उर्दू शायर सनोबर म्हणतात. फ्रान्सच्या नैर्ऋत्येस लांद नावाचा प्रदेश आहे. तेथे पाइनची विस्तीर्ण जंगले आहेत. त्या झाडांच्या सालीचा अर्क काढून गोळ्या तयार करतात. आपल्याकडेही त्या विकत मिळतात.

सालीची ही कीर्ती जुनी आहे. इ. स. १५३५ च्या हिवाळ्यात झाक कार्तिए या फ्रेंच दर्यावर्दीची जहाजे कॅनडात बर्फात अडकली. खलाशांच्या हिरड्या सडल्या, पाय सुजून काळे पडले. पंचवीस जण दगावले. तेव्हा दोमागाया नावाच्या तेथील रहिवाशाने एका झाडाची पाने व साल उकळून प्यायला सांगितले. काही दिवसांतच आजारी माणसे उठून बसली! हा रोग स्कर्व्ही होता. तो 'क' जीवनसत्त्वाच्या अभावी होतो आणि त्या काढ्यातून ते जीवनसत्त्व मिळाले. ते झाड नेमके कोणते, यावर मात्र विद्वानांचे एकमत नाही.

आजच्या गोळीत तो काढा नसतो, हे ध्यानात ठेवा. तिच्यात प्रामुख्याने प्रोसायनिडिन नावाची द्रव्ये असतात. दमा, मधुमेह, रक्तदाब अशा अनेक विकारांवर ती गुणकारी आहे, असे जाहिराती सांगतात. कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी २०२० साली अशा २७ चाचण्या तपासल्या. बहुतेक चाचण्या लहान होत्या. एकाही विकाराबाबत खात्रीने सांगता येईल असा पुरावा त्यांना मिळाला नाही.

"झाडपाल्याचे आहे, अपाय कसला?" असे पुष्कळ लोक म्हणतात. हे बरोबर नाही. काहींना या गोळीने पोट बिघडते, डोके दुखते किंवा चक्कर येते. समजा, तुमच्या दादी रक्त पातळ ठेवण्याचे औषध घेतात. त्यात ही गोळी मिसळली तर रक्तस्राव होण्याचा धोका वाढू शकतो. अब्बांना मधुमेहाचे औषध चालू असेल, तर साखर फार खाली येऊ शकते. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ही गोळी आधीच थांबवावी लागते. गर्भवती स्त्रियांनी व मुलांनी ती आपल्या मनाने घेऊ नये.

डबीवरील बारीक अक्षरे वाचा. भारतात अशा पूरक आहाराच्या वेष्टनावर 'औषधी उपयोगासाठी नाही' अशा अर्थाची सूचना छापावी लागते. घरात कोणी ही गोळी घेत असेल, तर डॉक्टरांकडे जाताना ती डबीही सोबत न्यायला सांगा.