४८ वर्षांचा म्हातारा

शेजारचे अण्णा चकती पुसताहेत. धुतलेल्या पांढऱ्या रुमालानं, मधल्या भोकापासून कडेपर्यंत, सरळ रेघेत. गोल पुसायची नाही. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो वाटेतच लांबलचक पडतो आणि चित्र अडकतं, हे त्यांनी मला आजवर निदान दहा वेळा सांगितलंय. मी अकराव्यांदा मान डोलावते आणि भिंतीवरची चादर ताणायला घेते. चादरीला मधोमध घडीची रेघ आहे. इस्त्री करायची राहिली. आज केशवराव दात्यांच्या नाकावरून ही रेघ जाणार, त्याला इलाज नाही.

महिन्यातल्या एका रविवारी आमच्या सदाशिव पेठेतल्या हॉलमध्ये जुना चित्रपट लागतो. ‘लागतो’च म्हणायचं. ‘आज तुमच्याकडे काय लागलंय?’ असं विचारतच अण्णा जिना चढतात. आज ‘कुंकू’ लागलाय. प्रभातचा, १९३७ सालचा.

प्रेक्षक सहा. आई, वय ८४, तिची खुर्ची पहिल्या रांगेत, म्हणजे एकुलत्या एक रांगेत. सर, ज्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि पोरांना नकाशापेक्षा सिनेमेच जास्त सांगितले. अण्णा. माझा नवरा, जो मध्यंतरातल्या बटाटेवड्यांसाठी येतो आणि ते कबूलही करतो. मी. आणि सतरा वर्षांची माझी भाची. ती सतरंजीवर भिंतीला टेकून बसलीय, मांडीवर मोबाइल, त्याचा उजेड हनुवटीवर. मागच्या खेपेला ‘माणूस’ लागला होता, तेव्हा विसाव्या मिनिटाला ‘मावशी, मी आलेच’ म्हणून जी गेली ती जेवायच्या वेळेला उगवली. मला चित्रपटाची नाही, तिची धास्ती आहे.

दिवे मालवले. तुतारी.

प्रभातचं बोधचिन्ह चादरीवर येतं, तुतारी फुंकणारी ती स्त्री, आणि सर खुर्चीत पाठ ताठ करून बसतात. राष्ट्रगीताला उभं राहायचं तेवढं बाकी ठेवतात. श्रेयनामावली सरकत असताना त्यांचा तास सुरू होतो. १९२९ मध्ये कोल्हापुरात कंपनी निघाली, १९३३ मध्ये पुण्यात आली, आणि जिथं स्टुडिओ उभा राहिला तिथं आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

‘म्हणजे प्रभात रोड हा या प्रभातवरून?’ भाची विचारते.

‘मग काय सकाळवरून?’ अण्णा म्हणतात.

दोन वर्षं ती प्रभात रोडवर क्लासला जातेय. पहिल्या पाच मिनिटांत एवढं पदरात पडलं, मी मनात नोंद करते.

नीराचं लग्न लागतं. फसवून. नीरा म्हणजे शांता आपटे, विशीतली; नवरा काकासाहेब, म्हणजे केशवराव दाते, विधुर, पोरं मोठी झालेला. आई खुर्चीतूनच निकाल देते, ‘बिजवर.’

‘काय वर?’

‘बिजवर. बायको गेली की पुन्हा बोहल्यावर चढणारा.’

सर लगेच देवलांच्या ‘शारदे’कडे वळतात. १८९९ मध्ये रंगभूमीवर हाच विषय आला होता, जरठ-कुमारी विवाह. मग या चित्रपटाचं मूळ, ना. ह. आपट्यांची ‘न पटणारी गोष्ट’. मग आणखी काहीतरी. ‘सर, जरा बघू द्या की,’ अण्णा म्हणतात, आणि लगेच स्वतःच भाचीकडे वळून, ‘आता बघ हं, आता बघ ती काय करते!’ आमच्याकडे गप्प बसून चित्रपट बघायची रीतच नाही. मल्टिप्लेक्समध्ये अण्णांना दोनदा पुढच्या रांगेतून ‘शूऽऽ’ ऐकावं लागलं, तेव्हापासून ते तिकडं फिरकलेले नाहीत.

नीरा काय करते, तर नाही म्हणते. या लग्नाला लग्न मानत नाही, त्या माणसाला नवरा मानत नाही. त्याच घरात राहून, त्याच्या आत्याबाईच्या नाकावर टिच्चून.

हनुवटीवरचा उजेड गेलाय. मी हळूच बघते. मोबाइल पालथा पडलाय.

‘मावशी, ते आपलं घड्याळ आहे की सिनेमातलं?’

मला आधी कळतच नाही. मग कान देते. काकासाहेबांच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ टकटकतंय आणि आमच्या भिंतीवरचं, माझ्या आजोबांचं किल्लीचं घड्याळही. दोन्ही एका तालात नाहीत. आमचं जरा रेंगाळतं. इतकी वर्षं हा चित्रपट बघतेय मी, पण ही दुसरी टकटक मला कधी ऐकू आली नव्हती. कारण सर सांगतात, आणि या वेळी त्यांना कुणी अडवत नाही. दिग्दर्शक शांतारामबापूंनी ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीतच ठेवलेलं नाही. व्हायोलिनं नाहीत, दुःखाला सारंगी नाही. जे ऐकू येतं ते प्रसंगातूनच आलेलं, दाराचं, पावलांचं, ग्रामोफोनचं, घड्याळाचं. बोलपट येऊन मराठीत पाचच वर्षं झाली होती आणि जो तो आवाजानं पडदा भरायच्या मागे होता, तेव्हाची ही गोष्ट. आणि संगीत नाही म्हणून आमचं घर बिनदिक्कत चित्रपटात घुसलंय. मगाशी कुकरची शिट्टी झाली तेव्हा मला क्षणभर ती काकासाहेबांच्या स्वयंपाकघरातलीच वाटली होती. आता वाटतं, घरगुती प्रेक्षकांना कुणी इतकी जागा क्वचितच ठेवली असेल.

‘ते बंद करा बघू,’ आई म्हणते. ‘एका वेळी एकच घड्याळ.’

नवरा स्टूल आणतो. काळोखात स्टुलावर चढून काच उघडतो आणि लंबक दोन बोटांत धरतो. त्याची सावली चादरीवर पडते, नेमकी काकासाहेबांशेजारी, आणि काकासाहेब आपल्या तरुण दिसायच्या धडपडीत. सर सहज बोलून जातात, ‘केशवराव तेव्हा फार म्हातारे नव्हते बरं का. १८८९ चा जन्म.’

भाची मनातल्या मनात वजाबाकी करते. ‘४८?’ मग स्टुलाकडे बघते. ‘काका, तुम्ही ४९ ना?’

हॉल फुटतो. आई पदर तोंडाला लावते. नवरा लंबक धरूनच उभा आहे, सोडावा की हसावं हे न कळून. गेल्या आठवड्यातच त्यानं केसांना काळा रंग लावलाय हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीच बोलत नाही, त्यामुळे हसू आणखी दाटतं. ‘खाली उतर,’ मी म्हणते, ‘हिरॉइन दिसत नाहीये.’

मग नीरा चक्क इंग्रजी गाणं म्हणते. लाँगफेलोची कविता, नऊवारीच्या काळातल्या मराठी चित्रपटात! भाची गुडघ्यांवर उठून बसते. इंग्रजी माध्यमातली पोरगी ती, तिला शब्द कळताहेत. आईला चाल पाठ आहे, शब्द कधीच कळले नाहीत. दोघी एकाच वेळी गुणगुणतात, एक सुरात, एक शब्दांत. मी वडे तळायला उठलेली, दारातच थांबते.

‘ही बाई खऱ्या आयुष्यातही अशीच,’ सर म्हणतात. ‘१९३९ मध्ये कंपनीशी बिनसलं तेव्हा प्रभातच्या दारात उपोषणाला बसली होती.’

‘शांता आपटे? ही?’

‘हीच.’

मध्यंतर आम्हीच करतो, वडे तयार झाले की. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की लसणाच्या चटणीत मीठ कमी पडलं आणि अण्णांनी ते सांगितलं.

उत्तरार्धात मुलगी घरी येते, काकासाहेबांची थोरली, सावत्र आईपेक्षा वयानं मोठी, आणि बापाची नव्हे, नीराची बाजू घेते. आई बोट दाखवते. ‘शकुंतलाबाई परांजपे. रँग्लर परांजप्यांची मुलगी. सई परांजपेची आई.’ पुढं याच बाईंनी आयुष्य संततिनियमनाच्या कामाला दिलं, हे सर जोडतात. केंब्रिजला गणित शिकलेली बाई पडद्यावर येऊन बापाला चार शब्द सुनावते, आणि त्यात अभिनय कमी नि स्वभाव जास्त आहे असं मला दर वेळी वाटतं.

आणि मग चित्र अडकतं.

काकासाहेबांचा चेहरा. अर्धा चौकटी-चौकटींचा झालेला, डोळे उघडे, नाकावरून घडीची रेघ. यंत्र आतल्या आत कुरकुरतंय. अण्णा उठतात, पण चकती बाहेर यायला तयार नाही. त्या थिजलेल्या चेहऱ्यासमोर आपोआप वाद पेटतो.

‘मला तर याची कीव येते,’ अण्णा बटण दाबता दाबता म्हणतात. ‘शेवटी त्याला कळतं की नाही?’

‘कळायला एका मुलीचं आयुष्य लागलं,’ सर म्हणतात.

‘पण त्या काळी...’

‘त्या काळी काय? त्या काळीच तर हा चित्रपट काढला!’ हे भाची म्हणते. सर तिच्याकडे बघतच राहतात. ३२ वर्षं वर्ग चालवलेला माणूस, उत्तर बरोबर आल्यावर त्याचा चेहरा कसा होतो ते मला आज कळतं.

मग आई बोलते. चादरीकडेच बघत. ‘माझ्या आईची आतेबहीण होती. चौदाव्या वर्षी दिली, बिजवरालाच. सोळाव्या वर्षी परत आली. पुढं जन्मभर लाल आलवणात, माडीवरच्या खोलीत. हा चित्रपट लागला तेव्हा आई तिला घेऊन गेली. घरात सांगितलं, कीर्तनाला जातोय.’

‘थेटरात? सोवळ्या बाईला?’ अण्णांचा हात बटणावरच राहतो.

‘डोक्यावरून पदर पुढं ओढून बसली म्हणे, शेवटच्या खुर्चीत.’

‘आजी, मग त्या काय म्हणाल्या?’

‘काही नाही. सबंध वाटेत एक शब्द नाही. जिना चढताना विचारलं, उद्या पुन्हा कीर्तन आहे का?’

कुणीच काही बोलत नाही. ही गोष्ट मी आज पहिल्यांदा ऐकतेय. पन्नास वर्षं या बाईची मुलगी आहे मी, किमान आठ वेळा तिच्याशेजारी बसून ‘कुंकू’ बघितलाय. पण तेव्हा चकती कधी अडकली नव्हती, आणि असं विचारणारंही कुणी नव्हतं.

‘आणि दुसऱ्या दिवशी?’ भाची सोडत नाही.

‘दुसऱ्या दिवशीही कीर्तन होतं,’ आई म्हणते. ‘चार दिवस होतं.’

चकती एकदाची बाहेर येते. अण्णा रुमाल काढतात. खिडकीपाशी, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात, मधून कडेकडे, सरळ. तोंडाची वाफ, पुन्हा सरळ. आम्ही सगळे त्यांच्या हाताकडे बघतोय.

चेहरा हलतो. चित्रपट पुढं सरकतो. शेवटच्या भागात अण्णाही ‘आता बघ’ म्हणत नाहीत. काकासाहेबांच्या घरातलं घड्याळ तेवढं वाजतंय. आमचं मगाशी धरून थांबवलंय, सहा वाजून बावीस मिनिटांवर. नीराच्या हाती पत्र पडतं. भाचीनं दोन्ही गुडघे कवटाळलेत आणि हनुवटी त्यांवर टेकवलीय. तिच्या चेहऱ्यावर आता चादरीवरचाच उजेड.

दिवे लागतात. सर चष्मा पुसतात, बराच वेळ. नवरा न सांगता ताटल्या गोळा करतो, काळे केस नीट बसवत. आईला पाय सोडवून उठायला हात लागतो, तो भाची देते.

‘मावशी, पुढच्या महिन्यात काय लागणार?’

‘‘शेजारी’,’ माझ्याआधी सर म्हणतात. ‘१९४१. दोन मित्र आहेत, एक हिंदू, एक मुसलमान, आणि धरण फुटतं शेवटी. काय धरण फोडलंय! १९४१ मध्ये!’

‘शेवट सांगू नका ना सर!’

‘पण मैत्रिणींना आधी ‘कुंकू’ दाखवते,’ ती मला म्हणते. ‘नेऊ चकती?’

मी अण्णांकडे बघते. ते नाइलाजानं यंत्रातून चकती काढतात, कडेला दोन बोटांत धरून तिच्या हातावर ठेवतात, आणि क्षणभर थांबून रुमालही देतात. ती तिथंच उजेडात चकती तिरकी धरते, एक बारीक ओरखडा शोधते आणि रुमाल फिरवायला लागते.

‘गोल नाही, गोल नाही!’ आम्ही सगळे एकदम ओरडतो.